ओंडका कुठे कापायचा

सत्यशीलाने फ्लॉपी कॉम्प्युटरमधून काढून पर्समध्ये ठेवली. "प्रोग्राम चालवून दाखवला. आतला कोड मात्र मिळणार नाही," ती इंग्रजीत म्हणाली.

सागाचा ओंडका कसा कापला तर कमी लाकूड वाया जातं, हे सांगणारा तो प्रोग्राम. ऊर्जानगर या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये, ड्यूटी सांभाळून, तिने तीन वर्षांत लिहिला होता. सिंगापूरहून आलेल्या लाकडाच्या व्यापाऱ्याला, लिमसाहेबांना, आतल्या ओळीही हव्या होत्या, नुसत्या तपासायला. पुण्याच्या एका ओळखीच्याने आपल्या प्रोग्रामच्या ओळी एका कंपनीला अशाच तपासायला दिल्या होत्या. त्यानंतर त्याच्या एकाही पत्राला उत्तर आलं नाही.

लिमसाहेबांनी वाद घातला नाही. कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "हे कोण?"

"माझे वडील, सोमाजी. पस्तीस वर्षं आरामशीनवर होते."

साहेबांनी खुर्ची तिकडे वळवली. सोबतच्या नागपूरच्या एजंटने त्यांचा प्रश्न मराठीत केला. "भाऊ, पयला काप कुठी द्याचा, हे तुमाले कसं समजते?"

सोमाजींना हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मालकाने नाही, फॉरेस्टवाल्यांनी नाही. दोन बोटं गेलेला हात त्यांनी पुढे केला. "पयले लठ्ठ्याले ठोकाचं. भद्द वाजला त मंधात पोकळ. मंग चिरा पाहाच्या. चीर जिकडं जाते, तिकडून आरा नाई लावाचा..."

एजंट इंग्रजी करत होता, साहेब लिहून घेत होते. सत्यशीलाला पुढचं वाक्य ठाऊक होतं, त्याच्या पुढचंही. प्रोग्राममध्ये तिने तेच तर लिहिलं होतं.

"बाबा, चहा थंडा होऊन राह्यला."

"होऊ दे नं बाई. पावना इचारून राह्यला."

इतकं ताठ बसलेलं तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिने त्यांच्यापुढचा कप बाजूला सरकवला.

तासाभराने साहेबांनी वही मिटली आणि सोमाजींना वाकून नमस्कार केला. प्रोग्रामचा विषय कोणी काढला नाही. "कळवतो मॅडम," एजंट म्हणाला. जीप निघून गेली.

सोमाजी बराच वेळ दारात उभे होते.

"सारं लिहून घेतलं त्यानं. माह्यं नाव बी लिहिलं असन नं?"

वहीची पानं तिच्यासमोरच भरली होती; त्यांत नाव कुठेच नव्हतं.

"लिहिलं बाबा," ती म्हणाली. "सगळ्यात वर."