स्वतःहून सोडलेली नोकरी

“नोकरी तुम्ही स्वतःहून सोडलीत का?” अधिकाऱ्याने जपानीत विचारलं. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीने, उत्तराने, प्रश्न मराठीत सांगितला आणि वडिलांकडे पाहिलं.

टोकियोत सहा वर्षं चंद्रशेखरने सॉफ्टवेअरचं काम केलं, पण सगळं इंग्रजीत. जपानी येणारा मित्र सदानंद आज सोबत येणार होता. त्याला ऐनवेळी ऑफिसने अडकवलं, म्हणून उत्तराला शाळेतून आणावं लागलं. घरी चंद्रशेखरने तिला सांगितलं होतं, “कंटाळलो होतो. दिली सोडून.”

झालं होतं वेगळंच. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि इथे कंपनीने त्याचा विभाग बंद केला. ‘काढतो’ असं कोणी म्हणालं नाही. साहेबांनी नम्रपणे राजीनामा मागितला आणि कारण ‘वैयक्तिक’ लिहा म्हणाले. इथली पद्धत असेल म्हणून त्याने लिहिलं. शेवटच्या दिवशी जाणारा सगळ्यांना खाऊ वाटतो, तसा वाटला. हसून, वाकून आभार मानले. मग रोजगार कार्यालयाने बेकारभत्ता रोखून धरला. स्वतःहून सोडणाऱ्याला तो पहिले काही महिने मिळत नाही. आज त्यावरच्या अपिलाची सुनावणी होती. ते फेटाळलं, तर घरभाडं निघणार नव्हतं. शाळा अर्ध्यावर सोडवून उत्तराला पुण्याला न्यावं लागणार होतं.

“बाबा, ते थांबलेत.”

“सांग त्यांना,” चंद्रशेखर टेबलाकडे बघत म्हणाला, “सोडली नाही. काढलं मला.”

उत्तराने सांगितलं. तिचा आवाज जराही बदलला नाही. अधिकाऱ्याने लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं.

“हे आणखी कोणाला माहीत आहे का, असं विचारतायत.”

“नाही म्हण. ऑफिसातलं कोणी बोलायचं नाही.”

उत्तरा बोलू लागली. एका नकारासाठी ती बराच वेळ बोलत होती. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा उचललं.

“एवढं काय सांगितलंस?”

“मला माहीत आहे, असं सांगितलं. तुझ्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी आतल्या खोलीत होते. तू म्हणालास, पगार कमी करा, पण काढू नका.”

चंद्रशेखर तिच्याकडे वळला. “मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“‘मी स्वतःहून सोडली’ असं सांगताना तुला बरं वाटायचं ना.”