छताचं अस्तर

"सोडू नकोस! टेकलं की संपलं सगळं!" नवरा ओरडला.

पोर्चमधल्या टेबलावर जुन्या गाडीच्या छताचा आतला पुठ्ठा पसरलेला होता. त्याच्या अर्ध्या भागावर नवं अस्तर नीट चिकटलं होतं. उरलेल्या अर्ध्याची दोन टोकं नवरा-बायको दोघांनी वर उचलून धरली होती. खाली चिकटवायचं सोल्यूशन ओलं होतं. ते सुकायच्या आत कापड टेकलं तर सुरकुती पडणार, आणि सुरकुती पडली की हा गृहस्थ सगळं टराटरा फाडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. दोनदा केलंच होतं.

जुनं अस्तर वर्षानुवर्षं लोंबत होतं, डोक्याला लागत होतं, तेव्हा त्याला कधी काही सुचलं नाही. हिच्या हातात लायसन्स पडलं आणि त्याच आठवड्यात त्याने छताचा पुठ्ठा उतरवला.

"अहो, मला निघायला हवं. पहिला दिवस आहे."

"मग बसने जा."

"तिकडे बस जात नाही, माहीत आहे तुम्हाला. लॅबवाल्यांनी एकदा तारीख पुढे ढकलली माझ्यासाठी. आज नाही गेले तर दुसरीला घेतील."

"घेऊ देत की. कामं काय, छप्पन्न मिळतील. अशी अर्धवट गाडी रस्त्यावर काढायची? लोक हसतील!"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. अर्ज करून करून बोटं झिजली तेव्हा हे एक काम मिळालं, आणि म्हणे छप्पन्न!

तिने गाडीकडे पाहिलं. चाकं जागेवर. इंजिन जागेवर. स्टिअरिंग, आरसे, सीट, सगळं जागच्या जागी. इतके दिवस आपल्याला हे दिसलं कसं नाही, याचा तिला नवऱ्यापेक्षाही जास्त राग आला.

"धरा," ती म्हणाली आणि आपलं टोक तिने त्याच्या मोकळ्या हातात कोंबलं.

"अगं, काय करतेस?"

"कामाला जाते."

गाडीत बसल्यावर डोक्यावर उघडा पत्रा आणि नाकासमोर दिव्याची वायर. वायर तिने आरशामागे खोचली आणि गाडी सुरू केली.

"थांब! थांब म्हणतो ना!"

फाटक उघडायला तिला खाली उतरावंच लागलं. कडी नेहमीसारखी अडली. ती दोन्ही हातांनी कडी हिसकत होती. मागे गाडी चालू, दार सताड उघडं, किल्ली आत. तो तिथून दोन ढांगांवर. नुसतं कापड सोडायचं होतं.

त्याने किल्लीकडे पाहिलं. मग कापडाकडे. या खेपेला एकही सुरकुती नव्हती.

फाटक करकरत उघडलं. त्याने दोन्ही हात आणखी ताणून धरले.