भिंतीवरच्या गाड्या

"ताई, ही पुसली गेली," सिद्धार्थ म्हणाला.

अनुजाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. खरंच, गाडी पुसली गेली होती. बोगदा स्वच्छ आला होता, फलाटावरचं बोटभर उंचीचं झाड आलं होतं, आणि मधे नुसता निळा फराटा. आधीच्या फोटोत कुणाचं तरी कोपर होतं. त्याच्या आधीच्यात काचेवरचे ट्यूबलाइट, आणि एक डोळा मिटलेली ती स्वतः.

दादरच्या त्या हॉलमध्ये छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मोठमोठ्या टेबलांवर काचेच्या आड घाट, पूल, स्टेशनं उभी केलेली, त्यांतून गाड्या धावत होत्या, आणि भोवतीच्या कठड्याला माणसं नुसती चिकटली होती. खांद्यावर पोरं घेतलेले बाप, मोबाईल उंच धरलेले हात. अनुजाने आजवर कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. ऑफिसातल्या लतिकाकडून मागून आणला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत कुठलं बटण कशाचं एवढं शिकून घेतलं होतं. मोबाईलचे फोटो मोठे छापले की फुटतात. हे फोटो मोठे हवे होते, भिंतीवर लावायला.

सिद्धार्थ तिचा धाकटा भाऊ. कानशिलांवरचे केस पिकायला लागले होते, पण समज लहान मुलाएवढीच राहिली होती. गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ, रविवारी दुरुस्तीच्या मेगाब्लॉकमुळे कुठल्या गाड्या बंद तेसुद्धा. पेटवलेला गॅस बंद करायचा असतो हे मात्र ध्यानात राहायचं नाही. आई होती तोवर गिरगावातल्या दोन खोल्यांत सगळं निभावलं. आई गेली, आणि त्याला सांभाळायला ठेवलेल्या बायकाही एकेक करून सोडून गेल्या. मग एकदा अनुजा ऑफिसात असताना तो दार उघडं टाकून निघाला, तो संध्याकाळी पोलिसांना भायखळ्याला सापडला. त्यानंतर तिने कर्जतजवळच्या एका निवासी संस्थेला हो म्हणून टाकलं. उद्या सकाळी त्याला तिकडे सोडायचं होतं. हे त्याला अजून सांगितलं नव्हतं.

"भिंतीवर काही आवडीचं लावा," संस्थेतल्या बाई म्हणाल्या होत्या. "समोर ओळखीचं काही असलं की लवकर रुळतात."

"आता मालगाडी येतेय. काढ, काढ!" सिद्धार्थने तिची बाही ओढली.

तिने घाईघाईने काढला. पुन्हा फराटा.

कठड्याच्या आतल्या बाजूला प्रदर्शनाचा बिल्ला लावलेले एक गृहस्थ उभे होते, जगदीश नावाचे. मघापासून ते तिची धडपड पाहत असावेत. "गाडीच्या मागे कॅमेरा पळवू नका," ते म्हणाले. "ती जिथे यायचीय तिथे आधीच रोखून ठेवा. लेन्स काचेला टेकवा, म्हणजे ट्यूबलाइट दिसणार नाही. आणि दाबताना श्वास धरा."

अनुजाने कोपरं कठड्यावर रोवली. कॅमेऱ्यात पुलाची कमान धरली आणि वाट पाहत राहिली. मागून धक्के येत होते. मालगाडी बोगद्यातून निघाली, वळली, पुलावर आली. तिने बटण दाबलं.

फोटोत इंजिनाचा नंबरसुद्धा वाचता येत होता.

सिद्धार्थने तो पाहिला आणि मोठ्याने ओरडला. आनंदाने दोन्ही हातांनी काचेवर थापा मारल्या, एक, दोन, तीन. टेबल हललं, मालगाडीचे डबे रुळांवरून घसरून आडवे झाले. एका बाईने आपली मुलगी झटकन मागे ओढली.

"अहो, आवरा ना त्यांना! असल्या माणसांना गर्दीत कशाला आणायचं?"

"काही नाही झालं, काही नाही," जगदीश म्हणाले आणि डबे उचलून रुळांवर ठेवू लागले.

पण लोक मागे सरकलेच. बघता बघता त्या दोघांभोवती कठडा रिकामा झाला. अनुजाचे कान तापले होते. तिने सिद्धार्थचा हात घट्ट धरला, मग सोडला, आणि कॅमेरा डोळ्याला लावला. आता मधे कुणाचं कोपर येत नव्हतं, कुणाचं डोकं येत नव्हतं. लोक परत जवळ यायच्या आत तिने सगळं उरकलं. घाट, पूल, स्टेशन, मालगाडी, निळी गाडी. सगळे फोटो स्वच्छ आले.

बाहेर जिन्याशी बाक होता. तिथे बसून तिने त्याला बटाटावडा दिला आणि एकेक फोटो दाखवला. प्रत्येकाला त्याने मान डोलावली.

"इतके कशाला?" त्याने विचारलं.

अनुजाने कॅमेरा बंद केला. "सिद्धू, उद्या आपल्याला कर्जतला जायचंय. तिथे तुला खोली मिळणार आहे. हे सगळे फोटो आपण भिंतीवर लावू."

"तुझी खोली?"

"माझी नाही. मी इथेच राहणार. तू तिथे राहायचंस."

तो वडा खायचा थांबला. हॉलमधून इंजिनाची बारीक शिट्टी ऐकू आली, पण त्याने वळून पाहिलं नाही.

"तू कधी येणार?"

"दर रविवारी. सुट्टी असते ना मला. सकाळीच निघेन."

हातातला वडा त्याने कागदात नीट गुंडाळला आणि तिच्याकडे परत दिला.

"ताई," तो म्हणाला, "रविवारी मेगाब्लॉक असतो."