दोन वेढे आणि एक गाठ

सरकारी दवाखान्यातल्या शिपायानं दोघींना एकदमच आत सोडलं आणि तिथंच घोटाळा झाला. एकटीला सोडलं असतं तर काशम्माला चाळीस टक्के हसत मिळाले असते.

अपंगाच्या दाखल्यावर चाळीस टक्के पडले तरच निराधार पेन्शनचा अर्ज पुढं सरकतो, नाहीतर आल्या पावली घरी जा, हे आता सोलापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काशम्माला दाखला पाहिजेच होता. संधिवातानं बोटं वाकडी झाली, विडी वळणं सुटलं, नवरा दम्यानं बाजेला खिळलेला. चहाच्या पुडीसाठीसुद्धा सुनेच्या तोंडाकडं बघावं लागत होतं, आणि सून बघून न बघितल्यासारखं करण्यात पटाईत.

दाखला विजयमालालाही पाहिजे होता. विजयमाला तिची थोरली जाऊ. दोघींनी एकाच कारखान्याला तीस वर्षं विड्या वळल्या आणि ती तीस वर्षं काशम्मा जळत राहिली. संध्याकाळी तपासनीस माल बघायला बसला की विजयमालाच्या विड्या नुसता हात फिरवून पास व्हायच्या. काशम्माच्या मालातून मूठभर छाट निघायचीच, आणि तो मेला ती सगळ्या बायकांदेखत मोडून टाकायचा. विजयमाला तेव्हा नुसता पदर सारखा करायची. ते काशम्माला शंभर शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

आत एक तरुण डॉक्टरीण बसली होती. तिनं आधी विजयमालाला पुढं घेतलं. मूठ वळा म्हणाली, बटण लावा म्हणाली. मग एक पेन आणि दोऱ्याची गुंडी समोर सरकवली.

"विडीला बांधता तसा याला दोरा बांधून दाखवा, मावशी."

विजयमालानं दोरा धरला. बोटं थरथरली, पहिला वेढा निसटला, दुसरा सैल पडला आणि पेन घरंगळत टेबलाखाली गेलं. खरं सांगायचं तर काशम्माला आतल्या आत गुदगुल्या झाल्या. जाऊबाईंच्या हातून काही सुटलेलं ती जन्मात पहिल्यांदा बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं आणि त्याच पेनानं कागदावर आकडा टाकला. "अठ्ठेचाळीस टक्के."

झालं. गुदगुल्या जागच्या जागी विरल्या. बघा, इथंही हिचाच माल पास, काशम्माच्या मनात आलं.

मग ती खुर्चीवर बसली. तिचे हात जावेपेक्षा वाईट होते, हे आंधळ्यानंही सांगितलं असतं. त्या दिवशीची वेणीसुद्धा नातीनं घातली होती. मूठ वळली नाही, बटण लागलं नाही. आता पेन तेवढं पाडायचं होतं, तेही आपसूकच पडणार होतं.

तेवढ्यात विजयमालाला मायेचा उमाळा आला.

"मॅडम, हिला जरा जास्तच लिवा बरं का," ती मागून म्हणाली. "हिचं माझ्यापरीस वाईट हाय. बिचारीला पहिल्यापास्नंच माझ्यावानी जमत नव्हतं."

पहिल्यापास्नंच. काशम्माच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चाळीस टक्के, सून, चहाची पुडी, सगळं त्या आगीत गेलं.

"द्या हिकडं," ती म्हणाली.

तिनं पेन डाव्या पंजात दाबलं, दोऱ्याचं टोक दातात धरलं. एक वेढा दिला. अंगठ्याच्या मुळातून कळ निघाली ती थेट काखेत गेली. दुसरा वेढा दिला. डोळ्यांपुढं काजवे चमकले, तरी तिनं दोरा आवळला, गाठ मारली आणि टोक नखानं आत खोचलं. पेन टेबलावर ठेवताना ती डॉक्टरीणबाईंकडं बघतच नव्हती. ती मागं जावेकडं बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी गाठ सरकवून बघितली. जागची हलली नाही.

"शाब्बास, मावशी," त्या म्हणाल्या आणि लिहिलं. "तीस टक्के."

"तीस?" काशम्मा भानावर आली. "आवो मॅडम, रोज न्हाय जमत असं. आजच कसं काय ते..."

"मी बघितलं ना डोळ्यांनी. हात चालतोय तुमचा, चांगलंच आहे की."

शिपायानं पुढच्या दोघींना हाक मारली.

बाहेर बाकड्यावर टेकताच विजयमाला तिच्यावर उखडली. "येडी का खुळी गं तू? मी तुझ्यासाठनंच बोलले न्हवं? एक पेन पाडायला काय धाड भरली हुती?"

काशम्माला आता नवऱ्याचं तोंड दिसत होतं आणि त्याच्या मागं सुनेचं. रडू येत होतं. दोरा आवळताना उजव्या हाताची मूठ आखडली होती ती काही केल्या उघडत नव्हती.

विजयमाला आपल्या कागदाची घडी घालत बसली. घडी वाकडी पडली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी पडली. मग ती खाली बघतच म्हणाली,

"मला काय शाब्बास म्हणाली न्हाय ती."

काशम्मानं वळून बघितलं. जाऊबाईंचं तोंड उतरलं होतं, खरंखुरं उतरलं होतं.

"कशी म्हणंल, अक्का? तुमचं पेन पडलं की," काशम्मा म्हणाली, आणि न उघडणारी मूठ तिनं हळूच पदराखाली घेतली.