कामापुरता फोन

दोन टॅबलेट शेजारी शेजारी ठेवले होते आणि दोन्हींवर पाणीच पाणी होतं. एकावर निळं, दुसऱ्यावर जरा हिरवट. चित्रंच ती, पण हलत होती. आर्मास टोपी हातात धरून त्यांच्यासमोर उभा होता तो कधीचा उभाच. बाहेर आमच्या फिनलंडातल्या कुओपिओचं तळं मार्चच्या उन्हातही गोठलेलं होतं. बर्फावरचा उजेड काचेतून आत येत होता, आणि त्या उजेडात सगळं दुकान हळूहळू तरंगतंय असं म्हाताऱ्याला वाटत होतं. वाटेना का. ऐंशीच्या घरातला माणूस उभ्या उभ्या थोडा तरंगला तर कोणाचं काय जातं?

"बाबा, एवढं काय बघताय त्यात?" त्याची मुलगी सतु म्हणाली. "आयपॅड घ्या. माझ्याकडे तोच, मुलांकडे तोच. काही अडलं तर मी दोन गल्ल्या सोडून आहे. चुटकीसरशी लावून देईन."

"हं," आर्मास म्हणाला.

"आणि त्या दुसऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही, आधीच सांगते. अँड्रॉइड घेतलात तर माझ्या दारात यायचं नाही."

"मग कोणाच्या जायचं?"

"ओस्सीच्या. त्याच्याकडे आहे तसला." सतु हसली. "बसा मग त्याला फोन लावत."

तिनं ते थट्टेनं म्हटलं. आर्मास मात्र हिरव्या पाण्याकडे बघत राहिला.

ओस्सी त्याचा थोरला. वर उत्तरेत, केमी बंदराला असतो, बर्फ फोडणाऱ्या जहाजावर. बापलेकांचं भांडण आहे म्हणाल तर तसंही नाही. आमच्याकडे उगाच कोणी कोणाला फोन करत नाही, एवढंच. फोन उचलला की काम विचारायचं, काम झालं की ठेवायचा. 'सहज केला' म्हणालात तर पलीकडचा विचारतो, आता कोण गेलं? ओस्सीची आई होती तोवर ती कामं काढायची. पायमोज्यांचं माप विचारायला तिनं त्याला वर्षातून कितीदा फोन केला असेल, देव जाणे. पाय काय वाढत होते त्याचे? ती गेली. मग घराचं काम निघालं, गाडीचं निघालं, बोट विकायची निघाली. शरदात बोटही गेली आणि बापलेकांमधलं काम संपलं. त्यानंतर आर्मास कैकदा फोन हातात घेऊन बसायचा आणि काहीच न सुचून खाली ठेवायचा. पोराची फार आठवण येत होती. पण आठवण येणं हे काही काम नव्हे.

दुकानातली मुलगी जवळ आली. "दोन्ही चांगले आहेत, आजोबा. तुम्ही त्याच्यावर काय करणार, त्यावर आहे सगळं. चित्रं बघणार? बातम्या?"

"मी अडणार आहे," आर्मास म्हणाला.

मुलीनं दोन्ही टॅबलेट त्याच्याकडे सरकवले.

"हा द्या." त्यानं हिरव्या पाण्यावर बोट ठेवलं. बोटाखालून लाटा उठल्या आणि विरून गेल्या. त्याला ते फार आवडलं.

"बाबा, हा निव्वळ हट्ट आहे," सतु म्हणाली.

"आहे."

तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या हातातली टोपी घेऊन तिनं त्याच्या डोक्यावर घातली, कानांवरून नीट खाली ओढली आणि म्हणाली, "चला. आधी कॉफी पिऊ."

दुपारी आर्मासनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोकं उघडलं. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस तो. टॅबलेट लागला, वायफाय जोडलं गेलं, नातवंडांचे फोटो आले, हवामान आलं, रेडिओही त्यावर वाजायला लागला. कॉफी निवायच्या आत सगळं झालं. कुठं म्हणून अडलं नाही. म्हाताऱ्याचा चेहराच उतरला. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत सरकत त्याच्या मनगटापर्यंत आलं. मग त्यानं कडेचं बटण दाबून ठेवलं, आवाज पार शून्यावर नेला आणि फोन उचलला.

"ओस्सी. मी बोलतोय. काम आहे."

"बोला बाबा."

"टॅबलेट घेतलाय, तुझ्यासारखाच. त्याला आवाज नाही."

"कडेला लांबट बटण आहे बघा. त्याचं वरचं टोक दाबा."

आर्मासनं दाबलं. रेडिओतल्या बाईचा आवाज स्वयंपाकघरभर झाला. "आला," तो पडेल आवाजात म्हणाला.

"बरं," ओस्सी म्हणाला.

काम झालं होतं. आता फोन ठेवायचा. पण पलीकडून ठेवल्याचा आवाज आला नाही. खूप दूरवर, जहाजाखाली, बर्फ तडकत होता. एक लांबच लांब तडा, मग शांत, मग पुन्हा. आर्मासनं डोळे मिटले आणि ऐकत राहिला. पांढऱ्या पांढऱ्या बर्फातून ते जहाज सावकाश त्याच्याकडेच येतंय असं त्याला वाटलं, आणि त्यात उभा असलेला पोरगा, दाढी वाढलेला, हातात फोन धरलेला.

"बाबा," ओस्सी घसा खाकरून म्हणाला, "नवीन असतं तोवर ते दर रविवारी तपासावं लागतं."

"काय तपासायचं?"

"सगळंच. आवाज आणि... बाकीचं. मी करत जाईन फोन."

आर्मासनं टेबलावरच्या टॅबलेटवरून हात फिरवला. त्यात तपासण्यासारखं काहीही नव्हतं.

"तपासलेलं बरं," तो म्हणाला. "फार नाजूक असतं रे ते."