मिस्त्रीची तार

अकराव्या कावळ्याची मान कटकन मोडली. पाखरं सांभाळणाऱ्या काकांनी तो गोणीत टाकला. साथीची लागण दोनच कावळ्यांना झाली होती, पण हुकूम सरसकट होता: दुपारच्या आत प्रयोगशाळेतले बाराही पिंजरे रिकामे झाले पाहिजेत. कावळ्याच्या शापाने गाय मरत नसेलही, पण त्याच्या चोचीने माणसाचं मनगट मात्र चांगलं फाटतं. काकांचे दोन्ही हात रक्ताने माखले होते. रबरी मुखवट्याच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या.

मुखवटा ही इथली शिस्त. कावळा माणसाचं तोंड विसरत नाही. म्हणून पकडायचं, सुई टोचायची ती मुखवटा घालून आणि भरवायचं ते उघड्या तोंडाने. सहा वर्षं काका असे दोन माणसं होऊन वावरले. एकाचा राग पाखरांनी दुसऱ्यावर कधी काढला नाही.

राहिला फक्त मिस्त्री. हे नाव काकांनीच ठेवलेलं. सरळ तार दिली की हा पठ्ठ्या ती फटीत अडकवून वाकवायचा, त्या आकड्याने नळीतली डबी वर ओढायचा. मग आकडा काकांच्या तळहातावर परत ठेवायचा आणि मांसाच्या तुकड्यासाठी चोच उघडायचा. काकांचा त्याच्यावर फार जीव होता.

पिंजरा उघडला तसा मिस्त्री वाकवलेली तार चोचीत धरून अंगावर आला. पहिला वार गळ्यावर बसला. दुसऱ्या वेळी आकडा मुखवट्याच्या डोळ्यात अडकला. काका ओरडून मागे सरले. रबर टरकन फाटलं आणि त्याबरोबर डोळ्याखालची कातडीही. मुखवटा खाली पडला.

मिस्त्री आकडा चोचीत तसाच धरून परत दांडीवर बसला. मान तिरकी करून ते रक्ताळलेलं तोंड बघत राहिला.

"आटपा काका, गोण्या न्यायला गाडी आलीय," प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या. "दुसरा मुखवटा देऊ?"

"आता कशाला? ओळखलं त्याने."

"म्हणूनच म्हणते. डूख धरेल."

"किती वेळ धरेल, बाई?"

काकांनी तळहात पुढे केला. मिस्त्री उडी मारून दाराशी आला, आकडा अलगद त्या तळहातावर ठेवला आणि चोच उघडली.

"शाबास," काका सवयीने म्हणाले. सवयीनेच दुसरा हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला.

तो हात मिस्त्रीच्या मानेपर्यंत पोचला तरी त्याची चोच उघडीच होती.