खाचेत बुडालेली टोपी

दर रविवारी तोकसू गाडीजवळ उकिडवे बसायचे आणि शंभर वॉनचं नाणं उलटं धरून टायरच्या खाचेत घालायचे. नाण्यावरच्या सेनापतीची टोपी पूर्ण बुडाली, म्हणजे खाच अजून खोल आहे, की स्वारी खूश. "बघ, चारही सारखे. तसूभर झिजले नाहीत!"

"मग अहो, योंगदोकला कधी जायचं?" ह्वाजाबाई विचारायच्या. योंगदोकचा समुद्र त्यांच्या देगू शहरापासून जेमतेम दीड तासावर. तिथे बसून खेकडा खायचा, एवढीच त्यांची हौस.

"तो डोंगरातला रस्ता टायर खातो गं. पुढच्या वर्षी बघू."

अशी दहा वर्षं गेली. आज बायकोच्या सत्तरीला नवरा एकदाचा राजी झाला आणि फक्त हवा भरायला म्हणून टायरच्या दुकानाशी थांबला. ह्वाजाबाई मांडीवरच्या किंबापच्या, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांच्या, डब्याचं झाकण उगाच उघडत होत्या, लावत होत्या.

दुकानदाराने टायरवरची तारीख वाचली. "काका, खाचा नव्यासारख्या आहेत, पण रबर दहा वर्षांचं झालंय, बाजूने तडकलंय. हायवेवर नेऊ नका. नवे घाला, लगेच बसवून देतो."

"अरे, पण मी ते झिजूच दिले नाहीत!" तोकसू कळवळले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "घालू नवे. पण नवेकोरे टायर लगेच डोंगरात कसे न्यायचे?"

 

ह्वाजाबाई डबा काखोटीला मारून उतरल्या. "बाळा, योंगदोकची बस कुठून सुटते रे? तिचे टायर झिजलेले असले तरी चालतील."